भिंतीच्या दोन बाजू : अजैविक घटक परिसंस्थेत नेमके काय ठरवतात?

निरभ्र

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. परिसंस्थेचा धडा घेताना फळ्यावर मधोमध रेघ ओढायची, एका बाजूला जैविक घटक आणि दुसऱ्या बाजूला अजैविक घटक लिहायचे, ही पद्धत मी बरीच वर्षे पाळत आले आहे. मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "बाई, झाड वाढतं, कोळी जाळं विणतो, बुरशी पान कुजवते. पण ऊन, दगड, वारा हे काय करतात? ते तर नुसते असतात." मी तेव्हा तिला पुस्तकातले उत्तर दिले, आणि ते देतानाच ते किती अपुरे आहे हे माझ्या लक्षात आले.

शाळेच्या कुंपणाची भिंत मी त्या दिवसापासून रोज पाहते आहे. भिंत एकच, चुना-विटा त्याच, पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच. जी बाजू दिवसभर सावलीत असते तिच्यावर शेवाळाची गादी आहे, त्या गादीत बोटाच्या पेराएवढी नेची उगवली आहेत आणि एखादे सुटे ढेकूळ उचलले की खाली पैसा किडा वेटोळे करून बसलेला सापडतो. उन्हाच्या बाजूला दुपारी तळहात टेकवत नाही. तिथे पांढुरक्या दगडफुलाचे ठिपके आहेत, फटीत वाळलेले गवत आहे, आणि सकाळी एखादा सरडा अंग शेकत बसतो. मधे एक वीतभर जाडीचे बांधकाम आहे, तरी या दोन वेगळ्या वसाहती आहेत. दोन्हीकडे हवेतून येणारे बीजाणू एकच असणार. मग ही निवड कोणी केली?

'परिसंस्था' ही संकल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली, ती मुळातच सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर ही एकच व्यवस्था आहे असे ठासून सांगण्यासाठी. आपण मात्र शिकवताना तिचे पुन्हा दोन तुकडे करतो आणि निर्जीव तुकड्याला नाटकाच्या पडद्याची जागा देतो. या विषयात काम केलेले किंवा वाचन असलेले या मंचावर बरेच जण आहेत. अजैविक घटक प्रत्यक्षात काय ठरवतात आणि कुठे त्यांचे चालत नाही, हे उदाहरणांसह समजावून सांगाल का?

पानगळ

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मोलाचा आहे. माझ्या मते उत्तराची सुरुवात 'सर्व घटक महत्त्वाचे असतात' या वाक्याने करूच नये, कारण एका वेळी सर्व घटकांना सारखे वजन कधीच नसते. जो घटक गरजेच्या मानाने सर्वांत तोकडा असतो तोच वाढीला लगाम घालतो, आणि तो तोकडा आहे तोवर बाकीचे कितीही मुबलक असले तरी त्यांचा उपयोग होत नाही. पिकांच्या संदर्भात हा विचार कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास मांडला आणि युस्टुस फोन लीबिग यांनी १८४० नंतर तो सर्वदूर पोचवला, म्हणून तो लीबिग यांच्या नावाने 'किमान घटकाचा नियम' म्हणून ओळखला जातो.

याचे मला सर्वांत विलक्षण वाटणारे उदाहरण शेतातले नसून समुद्रातले आहे. अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर, उत्तर प्रशांत महासागराचा वरचा भाग आणि विषुववृत्तालगतच्या प्रशांत महासागराचा मोठा पट्टा, या तिन्ही ठिकाणी पृष्ठभागाच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असते. वनस्पती-प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांनी, पाणी हिरवेगार व्हायला हवे, पण तिथे ते विरळच असतात. हे कोडे अनेक दशके सुटत नव्हते. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की तिथे उणीव लोहाची आहे. प्लवकांना लोह अत्यल्प लागते, पण प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत त्याच्यावाचून चालत नाही, आणि जमिनीपासून दूरच्या समुद्राला ते मिळते मुख्यतः वाऱ्याने उडून येणाऱ्या धुळीतून आणि खोलातून वर येणाऱ्या पाण्यातून. मार्टिन यांचे १९९३ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी खुल्या समुद्रात पहिला प्रयोग केला. १९९५ च्या दुसऱ्या प्रयोगात विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे ४५० किलो लोह विरघळवून टाकले, आणि काही दिवसांत स्वच्छ निळ्या पाण्याचा तेवढा तुकडा हिरवा झाला. प्रकाश तोच होता, तापमान तेच होते, नायट्रेटही आधीपासून होते. कमी होती ती धूळ.

एक पुरवणी जोडतो. तोकडेपणाइतकाच अतिरेकही मारक असतो. व्हिक्टर शेल्फर्ड यांनी १९१३ मध्ये मांडलेला सहनशीलतेचा नियम हेच सांगतो की प्रत्येक घटकासाठी प्रत्येक जीवाला खालची आणि वरची अशी दोन टोके असतात. भिंतीच्या उन्हाच्या बाजूला शेवाळाचा बीजाणू पडत नाही असे नाही. तो पडतो, कदाचित पावसाळ्यात रुजतोही, पण पुढच्या कडक उन्हात संपतो.

खडकपाणी

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण 'अजैविक घटक सीमा ठरवतात' एवढ्यावर थांबलो तर अर्धेच सत्य हाती लागेल. सीमेची दोन टोके दोन वेगळे हात ओढत असू शकतात. हे सिद्ध करणारा एक साधा आणि देखणा प्रयोग आहे. तो मी अनेकांना सांगितला आहे आणि दरवेळी नव्या आनंदाने सांगतो.

खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले की खडकावर आडवे पट्टे दिसतात. अगदी वर काळपट थर, त्याखाली बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांची पांढरट खरखरीत पुटे, त्याखाली कालवे किंवा शिंपले आणि सर्वांत खाली समुद्री शैवाल. हे पट्टे पायरीसारखे स्पष्ट असतात, कारण काही हात उंचीच्या फरकाने जीव दिवसाचे किती तास पाण्याबाहेर राहणार हे बदलते. जोसेफ कॉनेल या परिसंस्थाशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर बार्नेकलच्या दोन जातींचा अभ्यास केला, तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान अंगाची जात वरच्या पट्ट्यात राहत होती आणि मोठी, झपाट्याने वाढणारी जात खालच्या पट्ट्यात. पाहणाऱ्याला वाटेल की लहान जातीला कोरडेपणा मानवतो, म्हणून ती वर राहते.

कॉनेल यांनी लहान जात बसलेले दगड उचलून खालच्या पातळीवर नेले आणि दगडाच्या एका भागावरून मोठ्या जातीची पिल्ले वेळोवेळी खरवडून काढली, दुसऱ्या भागावर तशीच राहू दिली. जिथे मोठ्या जातीला हटवले होते तिथे लहान जात खालीही सुखाने जगली. जिथे हटवले नव्हते तिथे मोठ्या जातीने तिला वरून झाकले, खालून उपटले किंवा बाजूंनी चिरडले. म्हणजे लहान जातीला वरचा कोरडा पट्टा आवडत नव्हता, तिला तेवढाच उरला होता. उलट मोठी जात वर का चढत नाही, याचे उत्तर ऊन आणि शुष्कता हेच होते. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत भरतीचे पाणी फार वर चढत नाही. अशा वेळी समुद्र शांत असला, लाटांचे तुषार उडाले नाहीत आणि आकाश निरभ्र राहिले, तर वरच्या कडेची पिल्ले होरपळून मरतात.

त्यामुळे आपण मुलींना असे सांगू शकाल की त्या खडकावर मोठ्या जातीची वरची सीमा उन्हाने ठरवली आणि लहान जातीची खालची सीमा शेजाऱ्याने. सर्वच किनाऱ्यांवर नेमके असेच घडते असा दावा मी करत नाही. पण जगणे कठीण असलेल्या टोकाकडे निर्जीव घटकांचा आणि सुखावह टोकाकडे स्पर्धा व भक्षणाचा अंमल जास्त असतो, हा आराखडा डोंगरउतारांवर आणि वाळवंटांच्या कडांवरही पुष्कळदा उपयोगी पडतो.

मातीवेध

मला इथे थोडी हरकत नोंदवायची आहे. चर्चा तापमान आणि पाण्याभोवतीच फिरते आहे आणि माती बाजूला पडते आहे, हे नेहमीच होते. हवामानाची सीमा बहुधा पसरट असते, कोस-दोन कोस चालल्यावर जाणवते. मातीची सीमा कधी कधी एका पावलात ओलांडता येते. सर्पेंटाइन खडकापासून बनलेली माती पाहावी. तिच्यात कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम फार, आणि निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण बहुतेक वनस्पतींना विषारी ठरेल इतके असते. शेजारच्या मातीत घनदाट झाडी आणि या मातीवर खुरटी झुडपे व विरळ गवत, अशी रेघ आखल्यासारखी सीमा दिसते. पाऊस दोन्हीकडे एकच.

आणि त्या विषातही कोणीतरी घर केलेले असते. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर अशा मातीत वाढणारे पिक्नँड्रा अक्युमिनाटा नावाचे झाड आहे. त्याच्या सालीला खाच पाडली की निळसर-हिरवा चीक ओघळतो. तो रंग निकेलचा असतो. वाळवलेल्या चिकाच्या वजनात जवळजवळ चौथा हिस्सा निकेल भरते. ज्या धातूमुळे इतर झाडे त्या जमिनीवर येऊ शकत नाहीत, तो धातू हे झाड अंगात साठवून जगते.

दुसरी हरकत अशी की पाऊस आणि तापमान यांच्या आलेखावर जगातले सर्व जीवप्रदेश नेटके मांडता येतात, असे आपण शिकवतो. विशेषतः उष्ण कटिबंधात ते पूर्ण खरे नाही. वर्षाला साधारण १,००० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मोठ्या प्रदेशांत, तेवढ्याच पावसावर आणि तेवढ्याच उष्णतेत, कुठे दाट जंगल आहे तर कुठे गवताळ सॅव्हाना. हा फरक बऱ्याच अंशी आग ठरवते. गवत दरवर्षी पेटते, त्यात कोवळी रोपे जळतात, म्हणून उजेड जमिनीपर्यंत पोचत राहतो आणि पुन्हा गवतच माजते. जंगलात मात्र सावलीमुळे गवत नाही, म्हणून आग शिरत नाही. मग आग फळ्याच्या कोणत्या बाजूला लिहायची? ठिणगी विजेची, सुकेपणा हवेचा, पण जळते ते गवत. मला स्वतःला ती रेघेच्या बरोबर वर लिहावीशी वाटते.

निरभ्र

सर्वांचे मनापासून आभार. आगीचा प्रश्न मी वर्गात असाच उघडा ठेवणार आहे. एक विनंती आहे. पाण्यातल्या परिसंस्थांबद्दल पाठ्यपुस्तकात 'प्रकाश, तापमान, विरघळलेले वायू' एवढी यादी असते. हे घटक वेगवेगळे काम करतात की एकमेकांत गुंतलेले असतात? कारण यादी वाचून मुलांना वाटते की प्रत्येकाचा वेगळा कप्पा आहे.

तळ्याकाठी

ते इतके गुंतलेले आहेत की एकाला धरून ओढले तर सगळे हलतात. माझे बरेचसे काम तळ्यांच्या पाण्याच्या नोंदी घेण्याचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उन्हाळ्यात खोल, संथ तळ्यात जो पोहला असेल त्याला हा अनुभव आहे. छातीपर्यंत पाणी कोमट असते आणि पाय खाली सोडले की घोट्यांना एकदम गारवा झोंबतो. हळूहळू गार होत जाणे नाही, एकदम. नोंदीसाठी तापमापक दोरीला बांधून मीटर-मीटर खाली सोडतानाही हेच दिसते. वरचे काही मीटर आकडा जवळजवळ हलत नाही, मग दोन-तीन मीटरांत तो भराभर उतरतो आणि पुढे तळापर्यंत पुन्हा स्थिर. मधल्या उताराच्या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. वरचे तापलेले पाणी हलके असते म्हणून ते खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहते, आणि वाऱ्याच्या जोराने ढवळले जाते ते तेवढेच.

आता याचे परिणाम पाहा. उजेड वरच्या थरात आहे, म्हणून प्रकाशसंश्लेषण तिथेच होते आणि हवेतला ऑक्सिजनही तिथेच मिसळतो. मेलेले प्लवक, पाने, विष्ठा हे सगळे खाली बसते. तळाचे जीवाणू ते कुजवताना ऑक्सिजन वापरतात आणि वरून नवा पुरवठा होत नाही, कारण थर मिसळत नाहीत. उन्हाळा सरता सरता सुपीक तळ्याच्या तळाशी ऑक्सिजन संपतो. तिथे राहणारे मासे वर सरकतात, पण वर पाणी त्यांना सोसवत नाही इतके गरम असते. त्यामुळे त्यांच्या वाट्याला मधला एक पातळ थर उरतो, आणि तो दर आठवड्याला आणखी पातळ होतो. शिवाय ऑक्सिजन संपल्यावर गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटा होऊन पाण्यात येतो. थंडी पडू लागली की वरचे पाणी गार होऊन जड होते, वारा सगळे तळे ढवळून काढतो, आणि तो फॉस्फरस उजेडात येऊन प्लवकांच्या नव्या बहराचे खत होतो. एका तापमानाच्या फरकाने उजेड, वायू आणि पोषकद्रव्ये या सगळ्यांचे वेळापत्रक ठरवले.

तळे गोठते तेव्हाही पाण्याचा एक गुणधर्म जीव वाचवतो. पाणी सर्वांत जड असते ते सुमारे ४ अंश सेल्सियसला. त्याहून गार झालेले पाणी पुन्हा हलके होते आणि वर राहते, बर्फ तर त्याहून हलका. म्हणून बर्फाची झाकणी वर बसते आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी उरते, ज्यात मासे आणि कीटकांच्या अळ्या हिवाळा काढतात. इतर बहुतेक द्रवांप्रमाणे पाणीही गोठताना जड होत गेले असते तर बर्फ तळापासून साचला असता.

उष्ण प्रदेशातल्या तळ्यांबद्दल एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. पाणी ४ अंशांवरून ५ अंशांवर गेले तर त्याची घनता अगदी नाममात्र बदलते. २४ वरून २५ वर गेले तर हाच बदल सुमारे तीसपट असतो. त्यामुळे उष्ण पाण्यात दोन-तीन अंशांचा फरकसुद्धा थर घट्ट अलग ठेवतो. आफ्रिकेतील तांगानिका सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल आहे, पण तिथे श्वास घेण्याजोगा ऑक्सिजन वरच्या शे-दोनशे मीटरांतच सापडतो. त्याखाली अवाढव्य पाणी आहे आणि त्यात एकही मासा नाही.

विरघळलेल्या वायूंचेही तापमानाशी नाते आहे. गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये ० अंशाला साधारण १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९.१, आणि ३० अंशांना जेमतेम ७.५. म्हणजे पाणी तापते तेव्हा माशाच्या शरीराची गरज वाढते आणि त्याच वेळी पुरवठा घटतो. याचे दुसरे टोक अंटार्क्टिकाच्या समुद्रात दिसते. तिथल्या बर्फमाशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, त्यांचे रक्त पाण्यासारखे रंगहीन असते. पाणी इतके थंड आणि ऑक्सिजनने इतके भरलेले की नुसत्या रक्तद्रवात विरघळून येणाऱ्या ऑक्सिजनवर, मोठ्या हृदयाच्या साहाय्याने, ते भागवतात. हाच मासा कोमट पाण्यात क्षणभरही तगणार नाही.

संध्यावात

तळ्याकाठी यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'वेळापत्रक' हा शब्द त्यांनी जाता जाता वापरला, पण मला तोच महत्त्वाचा वाटतो. आपण अजैविक घटकांबद्दल 'किती' विचारतो आणि 'केव्हा' विचारायचे राहून जाते. वर्षाची सरासरी तर फार फसवी असते. वर्षभर थोडाथोडा पडलेला पाऊस आणि तेवढाच, पण तीन महिन्यांत कोसळून नऊ महिने गायब झालेला पाऊस, यांतून अगदी वेगळी जंगले उभी राहतात. वनस्पतीला मारते ती एक रात्र, जेव्हा पारा शून्याखाली गेला. त्या महिन्याच्या सरासरीत ती रात्र दिसतही नाही.

'केव्हा'ची किंमत काय असते याचे एक उदाहरण देतो. पाइड फ्लायकॅचर हा चिमुकला माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात नेदरलँड्सच्या ओकच्या जंगलांत येऊन घरटी करतो. पिल्लांना लागतात त्या अळ्या, आणि अळ्यांचा सुकाळ ओकची पालवी कोवळी असते तेवढे थोडे आठवडेच टिकतो. पालवी आणि अळ्या यांचे घड्याळ तापमानावर चालते. वसंत लवकर ऊबदार झाला तर ती दोन्ही लवकर येतात. पक्ष्याचे निघण्याचे घड्याळ मात्र त्याच्या अंतर्गत लयीवर आणि दिवसाच्या लांबीवर चालते, आणि आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला हजारो किलोमीटर दूरचा वसंत लवकर आला आहे हे कळायला मार्ग नाही. क्रिस्तियान बोट आणि मार्सेल व्हिसर यांनी २००१ मध्ये दाखवले की पक्ष्यांनी अंडी घालण्याची तारीख अलीकडे आणली, पण येण्याची तारीख तितकी अलीकडे सरकली नाही, त्यामुळे त्यांची ओढाताण होते. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे अळ्यांचा सुकाळ सर्वांत लवकर संपत होता, तिथे दोन दशकांत या पक्ष्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

या जंगलात उष्णतेची लाट नव्हती, दुष्काळ नव्हता, अन्नही होते. प्रकाश आणि तापमान ही दोन निर्जीव घड्याळे पूर्वी जुळून चालत होती, त्यांतले एक पुढे गेले आणि दुसरे जागच्या जागी राहिले. दिवसाची लांबी ठरते पृथ्वीच्या आसाच्या कलाने, तिच्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा काही परिणाम होत नाही. मला हे उदाहरण वाचल्यापासून स्वस्थता नाही.

मीठभाकर

मी इतके दिवस नुसता वाचक होतो, पण एका घटकाने संपूर्ण परिसंस्था कशी पालटते याचे उदाहरण इथे यायलाच हवे, म्हणून लिहितो. मध्य आशियातील अराल समुद्र १९६० पर्यंत जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते, क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर कापसाच्या सिंचनासाठी वळवले गेले. पाणी आटले, मीठ मागे राहिले. सुरुवातीला लिटरमागे सुमारे १० ग्रॅम असलेली क्षारता वाढत गेली.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की वाढलेले मासे बरेच मीठ सोसू शकत होते, पण अंडी आणि नुकतीच बाहेर आलेली पिल्ले सोसू शकत नव्हती. त्यामुळे काही काळ जाळ्यात मोठे मासे येत राहिले आणि मागची पिढी तयारच होत नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली व्यावसायिक मासेमारी संपली. दक्षिणेकडच्या भागात क्षारता पुढे लिटरमागे १०० ग्रॅमच्या पार गेली आणि तिथे मासे जाऊन आर्टेमिया नावाच्या खारकोळंबीचे राज्य आले.

उत्तरेकडचा लहान भाग मात्र वेगळ्या वाटेने गेला. २००५ मध्ये कोक-अराल बंधारा पूर्ण झाला, सिर दर्याचे पाणी उत्तर भागातच अडले, पातळी वाढली आणि क्षारता उतरली. नदीत तग धरून राहिलेले मासे सरोवरात परत आले आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. कोणी मासे समजावून परत बोलावले नव्हते. पाण्यातले मीठ कमी केले होते.

खडकपाणी

मीठभाकर, आपण लिहिते झालात याचा आनंद आहे. अंड्या-पिल्लांचा मुद्दा अगदी योग्य. जातीची सहनशीलता म्हणजे तिच्या सर्वांत नाजूक वयाची सहनशीलता. माझ्या बार्नेकलांनाही ते लागू पडते, खडकाच्या वरच्या कडेला होरपळतात ती बहुतेक नुकती चिकटलेली पिल्लेच.

पानगळ

एक बाजू राहिली आहे, ती मांडतो. आतापर्यंत आपण निर्जीव घटकांनी सजीवांचे काय केले हे पाहिले. उलट दिशेचा व्यवहारही तितकाच मोठा आहे.

आइसलँडच्या दक्षिणेला नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि सर्टसी नावाचे नवे बेट तयार झाले. शास्त्रज्ञांनी ते पहिल्या दिवसापासून नजरेखाली ठेवले आहे. १९६५ मध्ये, उद्रेक अजून थांबलेलाही नसताना, किनाऱ्यावर पहिली फुलझाडाची रोपे दिसली. त्यानंतर मात्र जवळजवळ वीस वर्षे वनस्पतींची प्रगती अगदी रडतखडत चालली, कारण काळ्या राखेत आणि लाव्हात नायट्रोजन नव्हता आणि पाणी टिकत नव्हते. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर बेटाच्या एका भागात कुरव पक्ष्यांची वसाहत जमली. त्यांनी समुद्रातला मासा खाऊन जमिनीवर विष्ठा टाकली, सोबत बियाही आणल्या, आणि तेवढ्याच भागात दाट हिरवे कुरण उभे राहिले. वसाहतीच्या बाहेर पाहिले तर अजून उघडी राख आणि तुरळक रोपे. अर्थात त्या हिरवळीला मूळ अडसर निर्जीव घटकाचाच होता, तो पक्ष्यांनी दूर केला.

याहून कितीतरी मोठ्या मोजपट्टीवर पाहायचे तर माझ्याच पहिल्या प्रतिसादातले लोह घ्या. आदिम समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, म्हणून लोह पाण्यात विरघळलेल्या रूपात मुबलक होते. सायनोबॅक्टेरिया या जीवाणूंनी प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडला, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला, आणि समुद्रातले लोह गंजून तळाशी बसत गेले. तांबड्या पट्ट्यांचे ते लोहखनिज आज आपण खणून काढतो. दक्षिण महासागरातल्या प्लवकाला आज जी लोहाची टंचाई भासते, तिचे मूळ त्याच्याच प्राचीन पूर्वजांच्या श्वासात आहे. हवेत ऑक्सिजन असणे हा आपण अजैविक घटक म्हणून फळ्याच्या उजव्या बाजूला लिहितो, आणि तो आला डाव्या बाजूकडून.

मातीवेध

पानगळ यांच्याशी पूर्ण सहमत, आणि माती तर याहून उघड उदाहरण आहे. खडकाचा भुगा म्हणजे माती नव्हे. त्यात मुळे, गांडुळे, बुरशीचे तंतू आणि कुजलेले पान मिसळल्यावर जे होते ती माती. तरीही प्रत्येक पुस्तकात ती अजैविक घटकांच्या यादीत सरळ बसवलेली असते. मुलांना ओंजळभर माती कागदावर पसरून भिंगातून दाखवावी असे सुचवतो. पाण्याचा थेंब टाकून पाहिले की तो मोकळ्या कणांमधून कसा झिरपतो आणि तुडवलेल्या मातीवर कसा गोळा होऊन बसतो, हेही दिसेल.

निरभ्र

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत की मला हा धागा छापून स्टाफरूममध्ये लावावासा वाटतो.

त्या विद्यार्थिनीला मी काल बोलावून घेतले आणि कॉनेल यांचा प्रयोग चित्र काढून सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे भिंतीवरचं दगडफूल उन्हात राहतं ते त्याला ऊन आवडतं म्हणून की शेवाळ त्याला पलीकडे जागा देत नाही म्हणून?" याचे उत्तर मला ठाऊक नाही आणि मी ते तसेच तिला सांगितले. मग तिनेच उपाय काढला. सावलीच्या बाजूला तळहाताएवढ्या चार चौकोनांतले शेवाळ खरवडायचे, चार चौकोन तसेच ठेवायचे, आणि उन्हाच्या बाजूच्या चार चौकोनांवर गोणपाटाचा आडोसा बांधायचा. दगडफूल फार सावकाश वाढते, त्यामुळे ही पाहणी तिच्या वर्गाला दहावीपर्यंत आणि नंतर पुढच्या वर्गाला चालवावी लागेल, हे मी तिला आधीच सांगून ठेवले आहे.

संध्यावात यांचे म्हणणे ऐकून तापमान मात्र आम्ही दिवसातून एकदा घेणार नाही. शाळा भरण्यापूर्वी, ऐन दुपारी आणि शाळा सुटताना, असे तीनदा, दोन्ही बाजूंना, भिंतीला टेकवून आणि भिंतीपासून हातभर अंतरावर घ्यायचे ठरले आहे. सोमवारी पहिली नोंद होईल. चौकोन किती मोठे असावेत आणि खरवडताना भिंतीचा चुना निघाला तर ती चाचणी बाद धरावी का, याबद्दल खडकपाणी आणि मातीवेध यांनी त्याआधी काही सुचवले तर बरे होईल.